अर्जदार आणि मतदार : १९५२ ची निवडणूक आणि आपला पैनगंगाकाठ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांच्या हाताखाली मी मुळाक्षरे गिरवली. त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याहून अधिक असलेली माणसे ह्या सभेत बसली आहेत. तेव्हा गुरुजींचे गुणवर्णन मी करणार नाही, आणि ते त्यांना आवडलेही नसते. मला बोलायचे आहे ते एका निवडणुकीविषयी. साहित्याच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच की मी आयुष्यभर शब्दांची उठाठेव केली आणि आजही दोन शब्दांचीच करणार आहे. 'अर्जदार' हा एक शब्द आणि 'मतदार' हा दुसरा. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाण्यास आमच्या घराला आणि ह्या भागाला किती काळ लागला, आणि तो प्रवास खरोखर पुरा झाला का, हा माझा प्रश्न आहे.

१९५२ पूर्वीचा आपला मुलूख आज बसलेल्या तरुणांना कल्पनेने उभा करावा लागेल. आदिलाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात सोळा जिल्हे, त्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी असे धरले जात. आपण मोजले जात होतो तेलुगू जिल्ह्यांत, आणि घरात बोलत होतो मराठी. शेजारच्या पाड्यावर गोंडी आणि कोलामी, बाजारात तेलुगू, आणि कचेरीत उर्दू. शेतकऱ्याची जमीन ज्या कागदावर होती तो कागद त्याला वाचता येत नसे. एखादी तक्रार असली की तहसिलीच्या ठिकाणी जायचे, अर्जनवीसासमोर उकिडवे बसायचे, आपले दुःख मराठीत सांगायचे आणि तो उर्दूत काय लिहितो ते मुकाट्याने पाहायचे. शेवटी अंगठा उठवायचा. आजोबा म्हणत, अर्जात आमचे नाव तेवढे ओळखू येई, तेही अर्जनवीसाने मोठ्याने वाचले तर. 'अर्ज' हा शब्द अरबीतून आला. त्याच्या पोटात नम्र होऊन मांडणे हा भाव आहे. मागणारा खाली, देणारा वर, ही उतरण त्या शब्दातच आहे.

अर्जाचे पुढे काय होई हे ह्या जिल्ह्याने फार जवळून पाहिले आहे. गोंडांच्या जमिनीचे आणि जंगलाचे गाऱ्हाणे वर्षानुवर्षे तुंबले आणि १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम गोळीबारात मारला गेला. त्यानंतर कुठे सरकारला चौकशी करावीशी वाटली. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ ह्या डोंगरांत आले, १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले, आणि गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत झाली. ही कामे चांगलीच होती. तथापि ती कोणत्या किमतीवर झाली हे विसरता येत नाही.

लोकांच्या हाती काही द्यावे असा विचार संस्थानात अगदीच नव्हता असे नाही. १९३९ मध्ये राजकीय सुधारणा जाहीर झाल्या. पण त्यांतले प्रतिनिधित्व व्यवसायाच्या गटांवर बेतलेले होते, आणि पैनगंगेकाठच्या कोरडवाहू शेतकऱ्याला, त्याच्या गड्याला किंवा त्याच्या बायकोला त्यात जागा नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी, १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच तिच्यावर बंदी आली होती. स्वामी रामानंद तीर्थांचा सत्याग्रह, रझाकारांचा उच्छाद, नदीपलीकडे वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी उभी राहिलेली प्रतिकाराची केंद्रे, आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई हा इतिहास आपण दरवर्षी सप्टेंबरात ऐकतो, म्हणून तो मी येथे सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र त्या भाषणांत सहसा येत नाही. मुक्ती मिळाली तरी मत मिळाले नव्हते. सप्टेंबर १९४८ नंतर आधी मेजर जनरल चौधरी ह्यांचा लष्करी अंमल होता. जानेवारी १९५० पासून वेलोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री होते. राजा नव्हता, पण लोकांनी निवडलेले सरकारही नव्हते. ते यायला १९५२ चा मार्च उजाडला.

आता मी आमच्या ओसरीवर येतो.

मतदारयादीसाठी घरोघर नावे लिहिली जात होती तेव्हा आमच्या गावात वही घेऊन आलेला तरुण म्हणजे पुढचे आपले गुरुजी. वय विशीच्या जवळपास असावे. आजोबा शेतावर होते. आजी दाराआड उभी. गुरुजींनी नाव विचारले. आजीला दोन नावे, एक माहेरचे आणि एक लग्नात तांदळात लिहिलेले. कुठले सांगावे ह्यातच थोडा वेळ गेला. पुढचा प्रश्न नवऱ्याच्या नावाचा. आपल्याकडच्या बाईने ते कसे उच्चारावे? उखाण्याबाहेर ते नाव तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते. गुरुजी म्हणाले, "काकू, सरकारच्या वहीत लागतं." आजीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पंढरपुरात विटेवर उभा आहे ना, त्याचंच." गुरुजींनी 'विठ्ठल' असे लिहिले. हा प्रसंग आजी म्हातारपणी हसत सांगे आणि गुरुजी गंभीरपणे सांगत. मला दोन्ही तऱ्हा आठवतात.

ह्यातली गंभीर बाजू मला फार पुढे, वाचनात कळली. त्या पहिल्या याद्या करताना देशातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच ओळख त्यांनी दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनी ती नावे यादीत ठेवू दिली नाहीत. ह्यांपैकी बहुतेक स्त्रिया उत्तरेकडच्या प्रांतांतल्या होत्या. निर्णय कठोर होता. पण मला तो बरोबर वाटतो. मत हे कोणाच्या आईचे किंवा बायकोचे नसते, ते तिचे असते, आणि ते तिच्या नावावरच पडले पाहिजे. इतक्या स्त्रियांचे पहिले मत हुकले ही हानी झालीच, परंतु पुढच्या निवडणुकीपर्यंत घरोघरच्या बायकांना स्वतःचे नाव सांगायला शिकवणे भाग पडले. सतरा कोटींहून अधिक मतदारांची ती यादी. एकवीस वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक जण तीत होता. शिक्षण, शेतसारा, धर्म, जात, कसलीही अट नव्हती. असा जुगार पूर्वी कोणी खेळला नाही, असे तेव्हा पुष्कळ शहाणे म्हणत होते.

मतदान १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाले. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतपत्रिकेवर शिक्का किंवा खूण करायची नव्हती. पडद्याआड जायचे आणि आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. काँग्रेसचे चिन्ह जोखडातली बैलजोडी, समाजवादी पक्षाचे झाड. आमचे घरातले सगळे दोन कोस चालत केंद्रावर गेले. मी त्या वेळी आजीच्या कडेवर होतो असे सांगतात. आजीच्या आठवणीतली मुख्य गोष्ट रांगेची होती. पुढे एक कोलामाची बाई, मागे पाटलीणबाई, आणि कोणी कोणाला पुढेमागे सारले नाही. देवळातही असे होत नाही, असे ती म्हणे. त्यातला खोचकपणा तिला कळत असे की नाही, सांगता येत नाही. कळत असावा.

घरी परतल्यावर आजोबांनी ओसरीवर जाहीर केले की आपण बैलाला मत दिले. शेतकऱ्याने आणखी कोणाला द्यायचे? मग त्यांनी आजीला विचारले. आजी चुलीकडे वळली आणि म्हणाली, "ते सांगायचं नसतं, मास्तर म्हणाले." आजोबांनी पुढे पुष्कळदा विचारून पाहिले. चाळीस वर्षे संसार झालेल्या त्या बाईने नवऱ्यापासून ठेवलेली ती बहुधा पहिली गोष्ट. निकाल लागला तेव्हा आदिलाबादहून लोकसभेवर समाजवादी पक्षाचे सी. माधव रेड्डी निवडून आले होते. झाड जिंकले होते. आजोबा त्या दिवशी आजीकडे संशयाने पाहत होते, एवढे मला वडिलांनी सांगितले आहे.

राज्याचा निकाल पाहण्यासारखा होता. विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या. कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने त्याची माणसे पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने उभी होती, त्यांना ४२. नलगोंड्यातून त्यांचे रावि नारायण रेड्डी लोकसभेवर गेले आणि मतांच्या संख्येत त्यांनी नेहरूंनाही मागे टाकले. काल-परवापर्यंत बंदुका घेऊन रानात असलेली चळवळ कागदाचा तुकडा पेटीत टाकून राज्याच्या सभागृहात आली, हे माझ्या मते त्या निवडणुकीचे सर्वांत मोठे यश. उलट करीमनगरात काँग्रेसचा एक तरुण उमेदवार पडला. त्याचे नाव पी. व्ही. नरसिंह राव. मराठीच्या प्राध्यापकाला ह्या गृहस्थांबद्दल विशेष आपुलकी असायचीच, कारण हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. १९९१ मध्ये ते देशाचे पंतप्रधान झाले. ६ मार्च १९५२ रोजी बूर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. तेही पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले. गृहखाते दिगंबरराव बिंदूंकडे. आपल्या लोकांना वाटले, आता कचेरीत आपली भाषा बोलणारे कोणी आहे.

त्या आशेचे पुढे काय झाले?

सुकुमार सेन ह्यांच्या निवडणुकीच्या नोंदींत एक तपशील असा आहे की काही ठिकाणी पेट्या उघडल्या तेव्हा मतपत्रिकांबरोबर नाणी आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्याही निघाल्या. कोणी मागणे लिहिले होते, कोणी शुभेच्छा, कोणी शिव्या. काही केंद्रांवर पेटीची पूजाही झाली. ह्या गोष्टी पुष्कळदा भाबडेपणाचे उदाहरण म्हणून हसण्यावारी नेल्या जातात. मला त्यांत हसण्यासारखे काही दिसत नाही. मतपेटी ही त्या माणसांना अर्ज टाकण्याची नवी जागा वाटली होती. आयुष्यभर अर्ज केलेला माणूस एका दुपारी मतदार होतो तो पडद्याआड जाईपर्यंतच. पडद्याबाहेर आला की त्याचे हात पुन्हा जोडले जातात. आपल्या सर्व निवडणुकांतून हेच पुन्हापुन्हा दिसते असे माझे मत झाले आहे.

त्या सभागृहाचे आयुष्य थोडेच ठरले. डिसेंबर १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. सप्टेंबर १९५५ मध्ये त्याचा अहवाल आला. तेलंगण काही काळ वेगळे ठेवावे आणि पुढे १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकीनंतर तेथील विधानसभेने दोन-तृतीयांश बहुमताने ठरवले तरच ते आंध्रात जावे, असे आयोगाने सुचवले होते. हैदराबादच्या विधानसभेत त्यावर चर्चा झाली. बहुतेक सभासद विशालांध्राच्या बाजूने बोलले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नाहीसे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. आपल्या आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ तिकडे गेले, तर नांदेडकडचे मुधोळ, भैंसा, कुबेर इकडे आले. आपण होतो तेथेच राहिलो, आणि पैनगंगा ही नव्या राज्याचीही हद्द झाली. हे योग्य झाले की अयोग्य, ह्या वादात मी शिरत नाही. ज्यांनी चारच वर्षांपूर्वी पहिले मत दिले होते त्या काठावरच्या माणसाला, तू कोणीकडे जातोस, हे थेट कोणी विचारले नाही, इतकेच नोंदवतो. आणि ह्या काठावरच्या माणसानेही, आम्हाला विचारा, असे म्हटले नाही. काहींनी अर्ज केले.

ह्या हद्दीची एक विचित्र परिणती आपल्या पूर्वेस, केरामेरी आणि जिवती ह्यांच्या मधल्या डोंगरावर दिसली. तेथल्या चौदा गावांवर दोन्ही राज्यांनी दावा सांगितला, आणि अनेक वर्षे तेथल्या लोकांकडे दोन्हीकडची मतदार ओळखपत्रे राहिली, दोन्हीकडच्या निवडणुकांत त्यांनी मते दिली. कायद्याने एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघात असावे लागते. वर्तमानपत्रे ह्याकडे गंमत म्हणून पाहतात. पण दोन मते असलेल्या माणसाची शेतजमीन कोणाच्या दप्तरात आहे हे जर पक्के नसेल, तर त्याच्या दोन मतांची बेरीज किती होते?

आता माझ्या स्वतःच्या पहिल्या मोठ्या निवडणुकीबद्दल. मार्च १९७७ मध्ये मी नांदेडकडच्या एका महाविद्यालयात नवा प्राध्यापक होतो आणि मतदान केंद्रावर माझी नेमणूक झाली होती. आणीबाणीतली ती निवडणूक. रात्री कंदिलाच्या उजेडात पेट्यांना लाख लावताना माझे हात थरथरत होते, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो. नांदेडने शेतकरी कामगार पक्षाच्या केशवराव धोंडग्यांना निवडून दिले. ते आणीबाणीत तुरुंगात होते. आम्ही तरुण मंडळी रस्त्यावर नाचलो. त्याच आठवड्यात इकडे, नदीच्या ह्या बाजूला, आंध्र प्रदेशाच्या ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. पाडव्याच्या सुमारास मी गावी आलो तो मोठ्या तोऱ्यात. इकडच्या लोकांना काही कळत नाही, असे मी गुरुजींसमोर बोलून गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तिकडच्यांनी विचार करून दिलं, इकडच्यांनी न करता दिलं, असं तुला कोणी सांगितलं?" मला उत्तर देता आले नाही. जुलै १९७९ मध्ये ते सरकार कोसळले आणि जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या, तेव्हा त्या प्रश्नाची मला पुन्हा आठवण झाली.

गुरुजींजवळ एक वही होती. प्रत्येक निवडणुकीत गावात येऊन कोण काय बोलून गेला, ते तारखेसह तीत लिहिलेले असे. टीका नाही, शेरा नाही. 'अमुक तारीख, अमुक पक्ष, ओढ्यावर मोरी बांधू.' निवडणूक संपली की वर्षाने ते ती वही काढत आणि पत्रे लिहीत, मराठीत एक आणि तेलुगूत एक. पत्राच्या खाली, जिथे आपण सारे 'अर्जदार' लिहितो, तिथे ते 'मतदार' असे लिहीत आणि यादीतला आपला अनुक्रमांक घालत. एका कचेरीने असे एक पत्र परत पाठवले होते. नमुन्याप्रमाणे अर्जदार हा शब्द नाही, हे कारण. गुरुजींनी तेच पत्र जसेच्या तसे पुन्हा टपालात टाकले.

१९७८ मध्ये शाळेसाठी मराठीचा दुसरा शिक्षक मागणारे पत्र त्यांनी तयार केले आणि माझ्यापुढे सहीसाठी ठेवले. शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या सह्या असाव्यात असा त्यांचा विचार होता. मी म्हणालो, गुरुजी, माझे नाव आता पलीकडच्या राज्याच्या यादीत आहे, माझ्या सहीचा काय उपयोग? नियमाच्या दृष्टीने माझे बोलणे चुकीचे नव्हते. गुरुजी "बरं" म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. खरे कारण वेगळे होते. मी नोकरीत नवा होतो, कायम व्हायचो होतो, आणि कोठल्याही सरकारी कागदावर आपले नाव नको असे मला वाटत होते. वर्षापूर्वी रस्त्यावर नाचलेला तो मीच. ह्या गोष्टीला आता पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. ती मी आजवर कोठे बोललो नव्हतो, आणि ह्याच शाळेत बोलावे असे ठरवून आलो.

आपल्या काठाने त्यानंतरही ऐतिहासिक म्हणाव्या अशा निवडणुका पाहिल्या. १९८५ मध्ये मंडळे झाली, २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले, ऑक्टोबर २०१६ मध्ये तांसीतून वेगळे होऊन भीमपूर स्वतः मंडळ झाले. कचेरी दाराशी आली. ती आल्याने दाराशी गर्दी वाढली, पण ती अर्जदारांची वाढली की मतदारांची, हे आपण रोज पाहता, मी पाहुणा आहे.

मुख्याध्यापकांनी काल मला शाळेच्या कपाटातली गुरुजींची फाईल दाखवली. १९७८ चे ते पत्र तीत आहे. खाली अकरा सह्या आहेत. त्यांतल्या चार अंगठ्यांच्या आहेत आणि एक माझ्या आजीची. तिला सही करायला गुरुजींनीच शिकवले होते. नाव तिने लग्नातले लिहिले आहे, आणि पुढे, कोणाची मदत न घेता, 'विठ्ठल' असेही. मागे उत्तर लावलेले आहे. ते तीन वर्षांनी आले. तेलुगूत एकच ओळ आहे, आपली 'दरखास्तु' मिळाली, अशा अर्थाची. हा शब्द फार्सीचा, निजामाच्या कचेरीतून आलेला. तेलुगूत अर्जाला आजही तोच चालतो. गुरुजींनी त्या शब्दाखाली, आमच्या वह्यांत शुद्धलेखन तपासताना ओढत तशी, तांबड्या पेन्सिलीची रेघ ओढली आहे आणि समासात लिहिले आहे : 'मतदाराचे पत्र. पुन्हा पाठवावे.' खाली तारीख आहे.